जिथे थांबलो, तिथून पुढे

१९४० साली जर्मन सैन्य इंग्लंडच्या किनाऱ्यावर कधीही उतरेल अशी स्थिती होती. बँकेतले पैसे बुडतील या धास्तीने ॲलन ट्युरिंग या तरुण गणितज्ञाने सुमारे २५० पौंड किमतीच्या चांदीच्या लगडी विकत घेतल्या. एका जुन्या बाबागाडीत घालून त्या ब्लेचली गावाजवळच्या रानात नेल्या. एक लगड झाडीत पुरली, दुसरी ओढ्यावरच्या पुलाखाली. जागा नेमकी कोणती, याचे टिपण सांकेतिक लिपीत करून ठेवले. युद्ध संपल्यावर तो चांदी काढायला गेला. मित्राला सोबत नेले, धातू शोधणारे यंत्र नेले. पण मधल्या काळात तो परिसर बदलून गेला होता. चांदी त्याला शेवटपर्यंत सापडली नाही.

शत्रूची अवघड सांकेतिक लिपी फोडणाऱ्या माणसाला स्वतःचेच टिपण उपयोगी पडले नाही. आजच्या संगणकाच्या भाषेत सांगायचे तर बॅकअप घेतलेला होता, रिस्टोअर मात्र झाला नाही.

मोठ्या रुग्णालयांत आज केसपेपर, रक्ताचे अहवाल, सीटी स्कॅनच्या प्रतिमा, रक्तपेढीतला साठा हे सगळे संगणकावर असते. तो संगणक बहुतेक वेळा आभासी असतो, म्हणजे एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात चालणारी व्हर्च्युअल मशीन. काही मशीन रुग्णालयाच्या तळघरातल्या सर्व्हरवर, काही भाड्याच्या क्लाउडमध्ये. या मिश्र रचनेला हायब्रिड क्लाउड म्हणतात. या मशीनची ठरावीक वेळी प्रत काढण्यासाठी जे छोटे सॉफ्टवेअर बसवतात, ते स्नॅपशॉट बॅकअपचे प्लग-इन. ते नीट बसवले आहे की नाही, हे कळते ते सर्व्हर कोसळतो त्या दिवशी. यंत्राने दुसऱ्या यंत्राचे रूप घेणे आणि यंत्राची एका क्षणाची संपूर्ण अवस्था लिहून ठेवणे, या दोन्ही कल्पना ट्युरिंगने १९३६ साली एकाच निबंधात मांडल्या होत्या.

मद्रास इलाख्यातले कुटुंब

ट्युरिंगचे वडील ज्युलियस हे मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी होते. आई एथेल सारा ही मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता एडवर्ड स्टोनी यांची मुलगी. थोरला मुलगा जॉन कुन्नूरला जन्मला. ॲलनच्या वेळी वडिलांची नेमणूक आज ओडिशात असलेल्या छत्रपूरला होती. बाळंतपणासाठी कुटुंब लंडनला आले आणि २३ जून १९१२ रोजी ॲलनचा जन्म झाला. इथली हवा मुलांना मानवणार नाही, या समजुतीने गोरे अधिकारी मुलांना मायदेशी ठेवत. ॲलन सव्वा वर्षाचा असताना आई भारतात परतली आणि दोन्ही भाऊ समुद्रकाठच्या एका निवृत्त कर्नलच्या घरी वाढू लागले. आई-वडील येत-जात राहिले, पण सलग घर असे त्या मुलांना मिळाले नाही.

दहाव्या वर्षाच्या सुमारास त्याच्या हाती मुलांसाठी लिहिलेले निसर्गविज्ञानाचे एक पुस्तक पडले. शरीर हे एक यंत्र आहे, अत्यंत गुंतागुंतीचे असले तरी यंत्रच, असे त्यात सांगितले होते. पुढे ट्युरिंगने आयुष्यभर ज्या प्रश्नाचा पाठपुरावा केला, त्याची सुरुवात इथून झाली.

१९२६ साली तो शेरबोर्न या निवासी शाळेत दाखल झाला. नेमका त्याच दिवशी देशभर संप होता, गाड्या बंद होत्या. १३ वर्षांचा हा मुलगा साउथहॅम्प्टन बंदरावरून सायकलने निघाला, वाटेत एका खानावळीत मुक्काम केला आणि सुमारे ९५ किलोमीटर अंतर कापून शाळेत पोचला. शाळेत त्याचे अक्षर गिचमिड, कपड्यांवर शाईचे डाग, शिक्षकांची नाराजी. गणित मात्र स्वतःच्या पद्धतीने सोडवायचा.

दुधातून आलेला मृत्यू

शाळेत त्याला एकच जिवलग मित्र मिळाला. ख्रिस्तोफर मॉरकॉम एक वर्ष पुढे होता, हुशार आणि नीटनेटका. दोघे मिळून तारे पाहत, रसायनाचे प्रयोग करत. फेब्रुवारी १९३० मध्ये एका रात्री ख्रिस्तोफर अचानक आजारी पडला आणि १३ तारखेला वारला. लहानपणी प्यायलेल्या गाईच्या दुधातून त्याला क्षय झाला होता. गाईंमध्ये आढळणारा मायकोबॅक्टेरियम बोव्हिस हा जंतू कच्च्या दुधातून माणसात येतो. दूध उकळले किंवा पाश्चराइज केले की तो मरतो. इतक्या साध्या उपायाने टळणारा मृत्यू होता तो.

ॲलन तेव्हा १७ वर्षांचा होता. त्याने मित्राच्या आईशी पत्रव्यवहार सुरू ठेवला. शरीर नाहीसे झाल्यावर मनाचे काय होते, मन शरीरात नेमके कशाने टिकून असते, हे प्रश्न त्याला सतावू लागले. पुढे मनाचे काम यंत्राला करता येईल का, असा प्रश्न त्याने विचारला, त्यामागे हा मृत्यू होता असे त्याचे चरित्रकार मानतात.

पाळी बदलताना लिहायची नोंद

१९३१ मध्ये ट्युरिंग केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात आला आणि २२व्या वर्षी तिथला फेलो झाला. मॅक्स न्यूमन यांच्या व्याख्यानांतून त्याला जर्मन गणितज्ञ हिल्बर्ट यांचा एक प्रश्न समजला. गणितातले कोणतेही विधान सिद्ध होऊ शकते की नाही, हे ठरवणारी एखादी यांत्रिक पद्धत आहे का? ट्युरिंगने आधी यांत्रिक पद्धत म्हणजे काय याचाच छडा लावला. आकडेमोड करणारा माणूस प्रत्यक्षात काय करतो? कागदाच्या एका चौकोनाकडे पाहतो, तिथली खूण वाचतो, हवी तर बदलतो, शेजारच्या चौकोनाकडे सरकतो. बस्स. हे करायला एक साधे काल्पनिक यंत्र पुरते, लांबच लांब फितीवर चालणारे.

या यंत्राबद्दल सांगताना त्याने एक संज्ञा वापरली, संपूर्ण अवस्था. फितीवर आत्ता काय काय लिहिलेले आहे, यंत्र कोणत्या चौकोनावर आहे आणि यंत्राच्या आतली स्थिती कोणती आहे, या तीन गोष्टी लिहून ठेवल्या की त्या क्षणीचे यंत्र पूर्णपणे हातात आले. पुढे काय होणार तेही त्यातूनच ठरते. याच निबंधात त्याने हे आणखी एका प्रकारे समजावले. आकडेमोड करणारा माणूस काम अर्धवट सोडून निघून गेला, सगळे विसरला आणि नंतर परत आला, अशी कल्पना करा. जाताना त्याने पुढे काय करायचे याची चिठ्ठी लिहून ठेवली असेल, तर काम बिनचूक पुढे जाईल. प्रत्येक पायरीनंतर तो अशीच चिठ्ठी लिहितो असे धरले, तरी कामात काही फरक पडत नाही.

वॉर्डात काम केलेल्या कोणालाही ही चिठ्ठी ओळखीची वाटेल. पाळी बदलताना सिस्टर ओव्हर देतात, ती हीच. सहा नंबरच्या खाटेला सलाईन किती गेले, इन्सुलिन कधी दिले, रक्त मागवले आहे पण आलेले नाही. या तीन ओळी अचूक असतील तर नवी सिस्टर रुग्णाला आधी पाहिलेले नसतानाही काम पुढे नेते. यातली एक ओळ राहिली तर इन्सुलिन दोनदा दिले जाऊ शकते.

स्नॅपशॉट म्हणजे यंत्राने यंत्रासाठी लिहिलेली ओव्हर. आणि व्हर्च्युअल मशीनचे मूळही याच निबंधात आहे. ट्युरिंगने दाखवले की एकच सार्वत्रिक यंत्र पुरेसे आहे. दुसऱ्या कोणत्याही यंत्राचे वर्णन फितीवर लिहून त्याला दिले की ते त्या यंत्रासारखे वागू लागते. आज एका सर्व्हरच्या पोटात दहा-वीस आभासी संगणक चालतात, त्यातला एक ओपीडीची नोंदणी सांभाळतो, एक प्रयोगशाळा, एक औषधभांडार, ते याच तत्त्वावर. आभासी मशीन ही शेवटी काही फायलींची बनलेली असते, म्हणूनच तिचा फोटो काढावा तशी प्रत काढता येते.

फोटो काढताना हलू नका

हा फोटो निघतो कसा, ते पाहण्यासारखे आहे. स्नॅपशॉट घेताना सगळी डिस्क त्या क्षणी कॉपी होत नाही, तेवढा वेळच नसतो. एका पद्धतीत डिस्कची त्या क्षणीची स्थिती गोठवली जाते आणि पुढचे बदल वेगळ्या जागी लिहिले जातात. त्यामुळे काम काही सेकंदांत उरकते. पण याचाच अर्थ असा, की नुसता स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो मूळ डिस्कवर अवलंबून असतो. मूळ डिस्क जळाली तर तोही गेला. त्याची प्रत दुसऱ्या ठिकाणी गेली, तरच बॅकअप झाला.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. चालू डेटाबेस काही नोंदी डिस्कवर लिहितो, काही अजून मेमरीत धरून ठेवतो. रक्तपेढीतून एक पिशवी दिली गेली. साठ्यातून ती वजा झाली, पण रुग्णाच्या नावावर चढायची आहे. नेमक्या त्या क्षणी स्नॅपशॉट घेतला तर त्यात साठा कमी दिसेल आणि रक्त कोणाला दिले याचा पत्ता नसेल. वीज अचानक गेल्यावर डिस्कवर जे उरेल, तसाच हा फोटो. चांगले डेटाबेस अशा धक्क्यातून बरेचसे सावरतात, पण त्यावर विसंबून राहणे म्हणजे रुग्णाला भूल न देता तो हलणार नाही अशी आशा करणे.

म्हणून प्लग-इन आधी डेटाबेसला क्षणभर थांबायला सांगते. हातातले व्यवहार पुरे कर, मेमरीतले सगळे डिस्कवर उतरव, नवे लिहू नकोस. मग फोटो, मग पुन्हा चालू. एक्स-रे काढताना तंत्रज्ञ श्वास रोखायला सांगतो, तेच. प्लग-इन बसवताना पडद्यावर यासाठी एक पर्याय असतो. घाईत तो न निवडता पुढे जाणारे कमी नाहीत, कारण बॅकअप दोन्ही प्रकारे यशस्वी झाल्याचेच दिसते.

एनिग्मा आणि हरवलेल्या चाव्या

प्रिन्स्टनला दोन वर्षे काढून, पीएचडी घेऊन ट्युरिंग १९३८ मध्ये परतला. युद्ध जाहीर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, तो ब्लेचली पार्क येथे हजर झाला. जर्मन सैन्याचे संदेश एनिग्मा नावाच्या यंत्रातून सांकेतिक होऊन जात. लष्करी एनिग्माच्या संभाव्य मांडण्यांची संख्या १५९ वर अठरा शून्ये एवढी होती आणि मांडणी रोज बदलायची. आज कष्टाने शोधलेले उत्तर उद्या निरुपयोगी. पोलंडच्या गणितज्ञांनी युद्धाआधीच या यंत्राची रचना शोधून काढली होती आणि जुलै १९३९ मध्ये ती ब्रिटिशांना मोकळ्या मनाने सांगितली होती. त्यावर ट्युरिंगने बॉम्ब नावाच्या शोधयंत्राचा आराखडा केला. संदेशात अमुक शब्द असणार असा अंदाज धरायचा आणि त्याच्याशी न जुळणाऱ्या मांडण्या यंत्राने झपाट्याने बाद करायच्या, अशी ती युक्ती होती. पहिले यंत्र मार्च १९४० मध्ये आले. गॉर्डन वेल्चमनने त्यात मोठी सुधारणा केली.

ट्युरिंगकडे नौदलाच्या एनिग्माचे काम होते. तिथे त्याच्या सवयींच्या गोष्टी झाल्या. परागकणांची ॲलर्जी होती, म्हणून जूनमध्ये तो तोंडाला गॅस मास्क लावून सायकल चालवायचा. चहाचा मग कोणी नेऊ नये म्हणून साखळीने बांधून ठेवायचा. ऑक्टोबर १९४१ मध्ये माणसे आणि साधने अपुरी पडू लागली, तेव्हा त्याने तीन सहकाऱ्यांसह थेट चर्चिल यांना पत्र लिहिले. चर्चिल यांनी मागणी तातडीने पुरवायला लावली.

१ फेब्रुवारी १९४२ पासून अटलांटिकमधल्या जर्मन पाणबुड्यांनी चौथे चाक असलेला एनिग्मा वापरायला सुरुवात केली आणि दहा महिने त्यांचे संदेश वाचता येईनात. संदेश हाती येत होते, ढिगाने येत होते. चावी नव्हती. ३० ऑक्टोबर १९४२ रोजी भूमध्य समुद्रात बुडत्या जर्मन पाणबुडीत शिरून ब्रिटिश खलाशांनी सांकेतिक पुस्तके बाहेर काढली. त्यातले दोघे परत आले नाहीत. त्या पुस्तकांच्या मदतीने डिसेंबरात पुन्हा वाट उघडली.

क्लाउडमध्ये जाणारा रुग्णांचा बॅकअपही सांकेतिक करूनच पाठवतात आणि पाठवायलाच हवा. पण त्याची चावी जर त्याच सर्व्हरवर ठेवली असेल, तर सर्व्हर गेल्यावर प्रत सुरक्षित आणि कोणालाच न वाचता येणारी, अशी गत होते. चावी वेगळ्या ठिकाणी, दोन जबाबदार माणसांना माहीत असेल अशी ठेवणे हा बॅकअपचाच भाग आहे.

पुरणे आणि उकरणे

युद्धानंतर ट्युरिंग राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आला. १९४५च्या अखेरीस त्याने एसीई नावाच्या संगणकाचा सविस्तर आराखडा तयार केला. यात एक अडचण सोडवायची होती. मोठे काम चालू असताना मध्येच छोटे काम करायचे असेल तर परत कुठे यायचे हे यंत्राला कसे कळावे? ट्युरिंगचे उत्तर चिठ्ठीचेच होते. मोठे काम जिथे सोडले ती जागा टिपून ठेवायची, छोटे काम संपले की टिपण पाहून तिथे परतायचे. या दोन कृतींना त्याने पुरणे आणि उकरणे अशा अर्थाची इंग्रजी नावे दिली. लगडी पुरून पाच वर्षे झाली होती. यंत्रातले पुरलेले मात्र हमखास सापडत असे, कारण उकरण्याची कृतीही त्याने पुरतानाच लिहून ठेवली होती.

सरकारी दिरंगाईत एसीई रेंगाळला. ट्युरिंग वैतागला की पळायला जायचा. १९४७ मध्ये त्याने मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटे ३ सेकंदांत पूर्ण केली, पुढच्या वर्षीच्या ऑलिंपिक विजेत्यापेक्षा केवळ ११ मिनिटे जास्त. १९४८ मध्ये तो मँचेस्टर विद्यापीठात गेला. तिथल्या संगणकाची मेमरी कॅथोड किरणांच्या पडद्यावर विद्युतभाराच्या ठिपक्यांत असे. तो भार क्षणार्धात ओसरायचा, म्हणून सतत पुन्हा लिहावा लागे. टिकाऊ साठवणीसाठी वेगळा चुंबकीय ड्रम होता. वेगवान पण क्षणभंगुर, आणि संथ पण टिकाऊ, अशी ही जोडी आजही प्रत्येक सर्व्हरमध्ये आहे, आणि फोटोआधी मेमरी डिस्कवर का उतरवावी लागते याचे कारणही हेच आहे.

जून १९५० मध्ये ट्युरिंगने या संगणकावर गणितातल्या रीमान यांच्या प्रसिद्ध अनुमानाची पडताळणी केली. यंत्र वरचेवर बिघडायचे. त्या दिवशी दुपारी तीनपासून दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत ते अनपेक्षितपणे चालत राहिले, म्हणूनच हे काम झाले असे त्याने पुढे निबंधात प्रांजळपणे नोंदवले. ठरवलेल्या भागातला काही तपासून झाला आणि मग यंत्र बंद पडले. तिथवर आलेली उत्तरे कागदी फितीवर उतरली होती. त्यामुळे झालेले काम वाचले आणि १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले.

बोटे पाच का?

डॉक्टरांनी ट्युरिंगला ओळखावे ते १९५२च्या निबंधासाठी. गर्भ सुरुवातीला सारख्याच पेशींचा गोळा असतो, मग त्यात ठिपके, पट्टे, बोटे अशा आकृत्या कशा उमटतात? ट्युरिंगने गणिताने दाखवले की दोन रसायने वेगवेगळ्या वेगाने पसरत आणि एकमेकांवर क्रिया करत असतील, तर एकसारख्या पेशीसमूहात आपोआप नक्षी तयार होऊ शकते. अनेक वर्षे जीवशास्त्राने याकडे फारसे लक्ष दिले नाही. २०१२ आणि २०१४ मध्ये उंदराच्या पंजावर झालेल्या संशोधनात बोटांची रचना अशाच यंत्रणेने होत असल्याचे पुरावे मिळाले.

हा निबंध छापून यायच्या आधीच त्याचे आयुष्य मोडले होते. जानेवारी १९५२ मध्ये त्याच्या घरी चोरी झाली. तपासात त्याचे एका तरुणाशी संबंध असल्याचे त्याने पोलिसांना सरळ सांगून टाकले. समलिंगी संबंध हा तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता. ३१ मार्चला त्याला दोषी ठरवले. तुरुंग टाळायचा तर हार्मोनचे उपचार घ्यायचे, अशी अट होती. वर्षभर त्याला कृत्रिम इस्ट्रोजेन दिले गेले. त्याने लैंगिक इच्छा मारली जाते, पुरुषाला स्तनवाढ होते, नपुंसकत्व येते. आजार नव्हता, निदान नव्हते, तरी औषध होते. वैद्यकाने न्यायालयाच्या शिक्षेला आपला हात दिला. गुप्त कामाची त्याची परवानगीही काढून घेण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती १९९० मध्ये. इंग्रजांनी भारतासाठी केलेल्या कलम ३७७ मधून संमतीचे संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी वगळले.

८ जून १९५४ रोजी घरकाम करणाऱ्या बाईंना ट्युरिंग बिछान्यात मृत आढळला. मृत्यू आदल्या दिवशी सायनाइडने झाला होता. वय ४१. उशाशी अर्धवट खाल्लेले सफरचंद होते. चौकशीत आत्महत्येचा निष्कर्ष निघाला. घरात तो सायनाइड वापरून मुलामा देण्याचे प्रयोग करत असे, त्यामुळे हा अपघातच, असे आई शेवटपर्यंत मानत राहिली. सफरचंद तपासलेच गेले नाही. एक साधी तपासणी त्या वेळी न केल्याने तो प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिला.

ब्रिटिश पंतप्रधानांनी २००९ मध्ये माफी मागितली, २०१३ मध्ये राणीची क्षमा आली, २०२१ मध्ये ५० पौंडांच्या नोटेवर त्याचे चित्र आले. सूर्यफुलातल्या बियांच्या वळणांवर त्याचे काम चालू होते. ती टिपणे अर्धवट राहिली. कागद किंग्ज कॉलेजात जपलेले आहेत, पण पुढची पायरी कोणती, हे सांगणारी चिठ्ठी त्यात नाही.

उकरून पाहावे

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्यात बंद पडले आणि अनेक दिवस नोंदणी, अहवाल, दाखले हे सगळे हाताने करावे लागले. असे हल्लेखोर आधी बॅकअपच शोधून नष्ट करतात. त्यामुळे प्लग-इन बसवताना कोणत्याही रुग्णालयाने काही गोष्टी स्वतः विचारून घ्याव्यात, त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही.

किती वेळाची नोंद गमावणे चालेल आणि किती वेळात काम पुन्हा सुरू व्हायला हवे, हे डॉक्टर आणि सिस्टरांनी सांगायचे असते. रक्तपेढी आणि आयसीयूला तासाचीही नोंद गमावून चालणार नाही, ग्रंथालयाला एक दिवस चालेल. सगळ्या मशीनना एकच वेळापत्रक लावू नये. काही डिस्क अशा प्रकारे जोडलेल्या असतात की मशीनच्या स्नॅपशॉटमध्ये त्या येतच नाहीत, आणि तरीही पडद्यावर बॅकअप यशस्वी दिसतो. सीटी स्कॅनच्या प्रतिमा नेमक्या तशा डिस्कवर नाहीत ना, हे पाहावे. प्लग-इनच्या खात्याला गरजेपुरतीच परवानगी द्यावी, सर्वाधिकार देऊ नयेत. एक प्रत क्लाउडमध्ये किंवा दुसऱ्या इमारतीत, आणि तीही ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाच पुसता येणार नाही अशी ठेवावी. जुने स्नॅपशॉट मशीनवर आठवडेच्या आठवडे लटकत ठेवू नयेत. ते फुगत जातात, मशीन मंदावते आणि एक दिवस जागाच संपते. क्लाउडमधून सगळा डेटा परत आणायला किती तास आणि किती पैसे लागतील, हे आधी मोजून ठेवावे.

आणि दर तीन महिन्यांनी एकदा, दुरुस्तीची घाई नसताना, एक जुनी प्रत वेगळ्या मशीनवर उघडून पाहावी. कालच्या एखाद्या रुग्णाचा केसपेपर, त्याचा रक्तगट, शेवटचे औषध बरोबर येते का, हे संगणक विभागाने नव्हे, वॉर्डातल्या माणसाने तपासावे. ट्युरिंगने चांदी पुरली त्यानंतर महिनाभराने एकदा जाऊन, टिपण वाचून, जमीन उकरून पाहिली असती, तर खुणा पुरेशा आहेत की नाहीत हे तेव्हाच कळले असते. दोन्ही लगडी अजून कुठेतरी ब्लेचलीच्या मातीत आहेत.